१००० एक्सचा यूएसबी मायक्रोस्कोप, वडगावात शिलाई मशीनच्या शेजारी तीन महिने वापरून

आधीच सांगते, मी सायन्सवाली नव्हे. बेळगावच्या वडगावात माझं शिलाईचं काम आहे, ब्लाऊज, फॉल-पिको, जूनमध्ये युनिफॉर्म. हा मायक्रोस्कोप थोरलीच्या बीएस्सीच्या प्रोजेक्टला घेतला, विषय मायक्रोप्लास्टिक म्हणजे प्लास्टिकचे बारीक तुकडे, मार्कंडेय नदी आणि आमच्या शिवारातला बळ्ळारी नाला. ऑनलाइन घेतला, सतराशेला पडला, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हाच माल दहा नावांनी विकतात, पेनासारखा काळा दांडा, तोंडाशी आठ बारीक एलईडी, मधे फोकसचं चाक आणि एक डुगडुगणारं स्टँड. रिव्ह्यू लिहायचं कारण म्हणजे घेण्याआधी मी सगळे रिव्ह्यू वाचले आणि सगळ्यांनी दुसऱ्या दिवशीच पाच स्टार देऊन टाकलेत, नाण्यावरचा सिंह बघून. सिंह दिसतो हो, त्यात काय.

स्टार पाचपैकी तीन. का ते लांबण लावून सांगते, कारण कुणी पोरांच्या प्रोजेक्टला घेणार असेल तर आमचा जो एक आठवडा पाण्यात गेला तो त्यांचा जाऊ नये.

पहिलं ते १००० एक्स, म्हणजे हजार पट मोठं. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय. मी स्टीलची पट्टी ठेवून बघितली, सगळ्यात मोठं करून लॅपटॉपच्या पूर्ण स्क्रीनवर पट्टीचा बरोबर दोन मिलिमीटरचा भाग दिसतो. आमची स्क्रीन आहे ३१ सेंटीमीटर रुंद. म्हणजे ३१० भागिले २, दीडशे पट. आता हेच चित्र तुम्ही भिंतीवर दोन मीटरच्या पडद्यावर पाडलात तर होईल की १००० एक्स, खोटं कुठाय! पण दिसणार तेच, फक्त मोठं आणि पुसट. मापं घेऊन ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला असला हिशोब कळतो, टेप ताणली म्हणून कापड वाढत नाही.

आणि कॅमेरा दोन मेगापिक्सेल लिहिलाय, पोरीनं बघितलं तर आतून खरं चित्र ६४० बाय ४८० चंच येतंय, बाकीचं सॉफ्टवेअर फुगवून दाखवतं. दोन मिलिमीटरला ६४० ठिपके म्हणजे एक ठिपका साधारण तीन मायक्रॉनचा, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कापसाचा किंवा पॉलिएस्टरचा सुटा तंतू पंधरा-वीस मायक्रॉन जाड असतो, म्हणजे स्क्रीनवर पाच-सहा ठिपके. तेवढ्यात ओळखायचं काय ते. वीस-तीस मायक्रॉनच्या खालचं काही मोजायचं असेल तर हा नको, स्पष्ट सांगते.

सोबत छोटी सीडी येते. कुणाच्या लॅपटॉपला आता सीडी घालायला जागा असते की काय माहीत नाही, आमच्यात नाही. पण सीडी लागतच नाही, विंडोजच्या कॅमेरा अ‍ॅपमध्ये आपोआप येतो. मोबाईलला ओटीजीनं जोडता येतो पण त्यांचं अ‍ॅप कॉन्टॅक्ट, लोकेशन सगळं मागतंय, धागा बघायला माझे कॉन्टॅक्ट कशाला? काढून टाकलं.

स्टँड म्हणजे शुद्ध फसवणूक. आमच्या घराच्या भिंतीला लागून पॉवरलूम आहेत, वडगाव, खासबाग, शहापूर इकडं कुठं राहिलात तर तुम्हाला सांगायला नको, दिवसभर खडखडखडखड. आपल्याला सवय झालेली असते, पण मायक्रोस्कोपाला नसते. स्क्रीनवर तो धागा असा नाचतोय जसं काय अंगात आलंय. पोरगी वैतागली, आई हे रिटर्न कर म्हणाली. मग एक दिवस दुपारी लाईट गेली, माग थांबले, लॅपटॉप बॅटरीवर, आणि चित्र एकदम गप्प. तेव्हापासून आमचं संशोधन लोडशेडिंगच्या टायमाला. आख्ख्या गल्लीत लाईट गेली की शिव्या, आणि आमच्या घरात "आई ये लवकर, गेली बघ!" शेजारच्या काकू एकदा डोकावून म्हणाल्या, "लाईट गेल्यावर काय करूलालासा गं दोघी?" आता काय सांगायचं. नंतर मी स्टँड काढून टाकलं आणि जुन्या उषा मशीनच्या लोखंडी बॉडीला दांडा दोन क्लिपांनी बांधला, खाली जाड फोमचा तुकडा. हलणं निम्म्याहून कमी झालं. स्टँडपेक्षा मशीन बरी.

आता मेन काम. मायक्रोप्लास्टिक म्हणजे पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकचे तुकडे, धागे, गोळ्या. हा शब्द चालवला तो इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठातल्या रिचर्ड थॉम्पसन या माणसानं आणि त्याच्या सोबत्यांनी, २००४ साली सायन्स मासिकात, समुद्रकाठच्या वाळूत आणि पाण्यात त्यांना हे सापडलं. हे सगळं मला पोरीनं पाठ करून दाखवलंय, व्हायवाची तयारी म्हणून, मी मशीन मारताना ऐकत होते. आजवर जगात किती प्लास्टिक तयार झालं त्याचा हिशोब २०१७ साली आला, १९५० ते २०१५ मध्ये ८३० कोटी टन, त्यातलं कचरा झालेलं ६३० कोटी टन, आणि त्या कचऱ्यातलं रिसायकल झालं फक्त नऊ टक्के. नऊ! आमच्याकडं कापडाच्या चिंध्या याच्यापेक्षा जास्त वापरल्या जातात, गोधडीला तरी जातात.

सॅम्पल आम्ही दोन ठिकाणचं घेतलं. मार्कंडेयचं कंग्राळीच्या बाजूचं काठचं वाळूमाती, आणि बळ्ळारी नाल्याचं आमच्याच शिवारातलं. नाल्याविषयी बेळगावच्या माणसाला वेगळं सांगायला नको, पावसाळ्यात भाताच्या शेतात घुसतो आणि जाताना पिशव्या, थर्माकोल, बाटल्या सगळं बांधावर ठेवून जातो. दिराच्या शेतात बांधाच्या झुडपांना पिशव्या लटकलेल्या असतात, लांबून वाटतं बगळे बसलेत.

पद्धत अशी, माती वाळवायची, मग मिठाच्या घट्ट पाण्यात घालून ढवळायची आणि रात्रभर ठेवायची. लिटरभर पाण्यात साधारण साडेतीनशे ग्रॅम मीठ विरघळतं, त्याच्यावर विरघळतच नाही, खाली बसतं. असं पाणी साध्या पाण्यापेक्षा जड, घनता १.२. पिशवीचं पॉलिथिन, गोणीचं पॉलिप्रॉपिलीन, थर्माकोलचं पॉलिस्टायरीन हे याच्याहून हलकं, वर येतं. वरचं पाणी फिल्टर पेपरमधून गाळायचं आणि पेपर मायक्रोस्कोपखाली. ऐकायला सोपं, पण बाटलीचं प्लास्टिक आणि पॉलिएस्टर म्हणजे एकच, पीईटी, त्याची घनता १.३८, ते मिठाच्या पाण्यात बुडतं. म्हणजे बघा की, आमच्या गल्लीत दिवसरात्र जे विणलं जातंय, माझ्या मशीनवर जे शिवलं जातंय, तेच नेमकं तळाशी बसून राहतं आणि चाचणीत दिसत नाही. बारीक धागे कधी कधी हवेचा बुडबुडा धरून वर राहतात, पण त्याचा भरवसा नाही. कॉलेजात झिंक क्लोराइडचं आणखी जड पाणी करतात त्यात हेही तरंगतं, पण ते महाग आणि घातक, घरी नको.

मिठाची एक गंमत. मी बाजारातून खडेमीठ आणलं, स्वस्त म्हणून. पाण्यात टाकल्यावर मिठातनंच कचरा निघाला, काड्या, माती आणि एक-दोन धागे. नंतर कळलं की आयआयटी मुंबईच्या लोकांनी २०१८ मध्येच आपल्या देशातल्या मिठात मायक्रोप्लास्टिक सापडलं म्हणून सांगितलंय. म्हणजे प्लास्टिक शोधायला घातलेल्या मिठातच प्लास्टिक. मग आधी मिठाचं पाणी गाळायचं आणि त्यानंतर माती घालायची. हे कुठल्या डब्यावर लिहिलेलं नसतं.

मातीतला काडीकचरा, शेवाळ जाळायला हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. मेडिकलमध्ये मिळतं ते सहा टक्क्यांचं, त्यानं तीन दिवस ठेवून थोडंफार पांढरं होतं. कॉलेजच्या लॅबमध्ये तीस टक्क्यांचं असतं, त्यात लोखंडाचं मीठ घालून गरम करतात, ते उकळून अंगावर येतं म्हणे. ते काम पोरीनं कॉलेजातच मॅडमसमोर केलं. कुणी घरी करू नका, हात भाजतात.

आता मायक्रोस्कोप काय दाखवतो. पहिल्याच आठवड्यात पोरगी ओरडली, आई निळा धागा! मार्कंडेयच्या सॅम्पलमध्ये गडद निळा हिरवट धागा, सरळ, चकचकीत, दोन्ही टोकं कापल्यासारखी. एक नाही, तीन-चार. पोरीनं फोटो काढले, फोल्डरला नाव दिलं, मैत्रिणींना पाठवले, मॅडमना पाठवले. मीपण खूष, सतराशे वसूल म्हटलं. मग मी चष्मा लावून नीट बघितलं आणि मला काहीतरी ओळखीचं वाटायला लागलं. मोरपंखी. हा रंग मी बघितलाय, कालच. उठून मशीनवरची रीळ आणली, तिचा बारीक तुकडा कापून शेजारी ठेवला. तोच. तंतोतंत तोच. त्या आठवड्यात गल्लीतल्या एका लग्नाच्या मोरपंखी साड्या माझ्याकडं होत्या, सहा साड्यांना फॉल आणि ओव्हरलॉक, आणि ओव्हरलॉक मशीन किती धूळ उडवते ते ज्याच्याकडं आहे त्यालाच माहीत. नदीचं प्लास्टिक म्हणून आम्ही माझ्याच मशीनचं प्लास्टिक बघत बसलो होतो.

पोरगी रडायच्या बेताला. मॅडमना सांगितलं तर मॅडम हसल्या म्हणे, "ब्लँक ठेवला होता का?" ब्लँक म्हणजे काय तर नुसता ओला फिल्टर पेपर ताटलीत उघडा ठेवायचा, जिथं काम करतोय तिथंच आणि तितकाच वेळ, त्यात जे पडेल ते हवेतलं, नदीतलं नाही. आम्ही मशीनशेजारी तासभर ठेवला. काढून बघितला तर काय सांगू, होळीच्या दुसऱ्या दिवशीचा रस्ता. मोरपंखी, लाल, काळा, पांढरा, जरीचा एक तुकडासुद्धा. पहिल्या आठवड्याचे सगळे पेपर फेकले. त्यामुळं आमच्या सॅम्पलमध्ये किती सापडलं तो आकडा मी इथं लिहीत नाही, ज्या आकड्यात माझ्या मशीनचा वाटा किती ते धड सांगता येत नाही तो आकडा लोकांसमोर कशाला.

मग जागा बदलली. न्हाणीघर. तिथं धूळ सगळ्यात कमी, आधी पाणी मारून घ्यायचं, दार लावायचं, पंखा नाही. अंगावर पॉलिएस्टर नको, लेगिंग नको, सगळं सुती, मग आजीचं जुनं सुती लुगडं फाडून दोन अ‍ॅप्रन शिवले. माझ्या पोरीनं कॉलेजच्या प्रोजेक्टला आजीच्या लुगड्याचा अ‍ॅप्रन घातलाय हे बघायला आजी असायला हवी होती. प्रत्येक वेळी शेजारी ब्लँक. तरीसुद्धा ब्लँकमध्ये दोन-चार धागे येतातच.

इथून पुढं मला माझ्या धंद्याची अक्कल कामाला आली आणि खरं सांगायचं तर हा रिव्ह्यू मायक्रोस्कोपापेक्षा त्याचाच आहे. आमच्याकडं शेड कार्ड असतं बघा, धाग्याच्या कंपनीचं, पुठ्ठ्यावर ओळीनं रंगाचे तुकडे चिकटवलेले, ब्लाऊजच्या कापडाला लावून रीळ निवडायची. तसंच एक कार्ड आम्ही प्लास्टिकचं केलं. दुधाची पिशवी, बाटली, बाटलीचं झाकण, युरियाच्या गोणीचा धागा, निळी ताडपत्री, थर्माकोल, नायलॉनची दोरी, जाळीची स्क्रबर, चिप्सच्या पाकिटाची चंदेरी बाजू, आणि ज्याच्यात हा मायक्रोस्कोप आला तो बबल रॅप. प्रत्येकाचा बारीक तुकडा, नखाएवढा, आणि शेजारी त्याचा मायक्रोस्कोपातला फोटो. नंतर सॅम्पलमध्ये काही मिळालं की कार्डाशी जुळवायचं. नाल्याच्या सॅम्पलमधले निळे चपटे पट्टीसारखे तुकडे चटकन जुळले, ताडपत्री. भात मळायला, वाळवायला, गंज झाकायला सगळ्या शिवारात तीच, दोन उन्हाळे झाले की हातात घेताच भुगा होतो. पांढऱ्या चपट्या पट्ट्या म्हणजे खताच्या गोणीच्या. या दोन गोष्टी आम्ही छातीठोक म्हणू शकतो कारण त्या माझ्या घरात उडत नाहीत.

धाग्यांसाठी मात्र कार्ड पुरत नाही. कापूस आणि पॉलिएस्टर यांत फरक असा, कापसाचा तंतू चपट्या रिबिनीसारखा, मधे मधे पीळ खाल्लेला. पॉलिएस्टरचा काचेच्या कांडीसारखा, एकाच जाडीचा, गुळगुळीत. पुस्तकातपण प्लास्टिकचा धागा ओळखायचे नियम तेच आहेत, रंग सगळीकडं सारखा हवा, जाडी सारखी हवी, आत पेशींचे खण दिसायला नकोत. हा पीळ या मायक्रोस्कोपात दिसतो का तर दिसतो, पण फोकस अगदी मिळाला, माग बंद असले आणि धागा पेपरला चिकटून सपाट पडला असला तर. धागा जरा वर उठलेला असला की अर्धा स्पष्ट, अर्धा धूर.

आणि वरनं पडणाऱ्या एलईडीचा उजेड पांढऱ्या फिल्टर पेपरवर इतका चकाकतो की पारदर्शक तंतू दिसतच नाहीत. एलईडी पूर्ण बंद करा, वायरवर छोटं चाक आहे त्यानं होतं. काचेच्या बशीत पेपर ठेवा, बशीखाली मोबाईलचा टॉर्च आणि मधे एक बटर पेपर. उजेड खालून आला की पारदर्शक धागासुद्धा कडेनं काळा उठून दिसतो. या एका गोष्टीनं मायक्रोस्कोपाची किंमत मला दुप्पट वाटली, पण ती कल्पना कंपनीची नव्हे, माझ्या ट्रेसिंगची. भरतकामाचं डिझाइन काचेखाली बल्ब ठेवूनच उतरवतो की आम्ही.

जळण टेस्ट. साडीच्या दुकानात पदराचा एक धागा ओढून काडी लावून बघतात ते बघितलं असेल. सुती असेल तर भुर्रकन पेटतो, कागद जळाल्यासारखा वास, राख मऊ. रेशीम असेल तर केस जळाल्याचा वास. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसतो, वितळतो आणि टोकाला काळा टणक मणी राहतो. हे मी वीस वर्षं करतेय. पोरगी म्हणाली आई, याला आमच्यात हॉट नीडल टेस्ट म्हणतात, सुई लालभडक तापवून मायक्रोस्कोपाखाली तुकड्याला लावायची, प्लास्टिक असेल तर वितळतं किंवा वळतं, काडी असेल तर तशीच राहते. म्हटलं बरं, तुमच्या पुस्तकात सुई तरी माझीच घेतली.

पण इथं हा मायक्रोस्कोप अडतो. मोठं करून बघायचं असेल तर त्याचं तोंड वस्तूला जवळजवळ टेकवावं लागतं, मधे सुई जायला जागाच नाही. लहान करून, वर उचलून बघायचं, मग जागा मिळते पण बारीक तंतू दिसत नाही. मी घाईत एकदा मोठ्यावरच सुई घातली आणि धाग्याऐवजी मायक्रोस्कोपाच्या तोंडाची पारदर्शक टोपी वितळली. एका बाजूनं अजून वाकडी आहे. चूक माझी, त्याचा स्टार कापलेला नाही.

आणखी एक फसगत, व्हिस्कोस म्हणजे रेयॉन. दिसायला पॉलिएस्टरसारखा गुळगुळीत, जळायला कापसासारखा. तो लाकडाच्या लगद्यापासनं करतात, प्लास्टिक नव्हे. डोळ्यानं बघून हमखास चुकतं. खरी ओळख एफटीआयआर नावाच्या मशीनवर होते, कुठलं प्लास्टिक कसला प्रकाश शोषतं त्यावरनं. मॅडमनी आमचे दोन तुकडे बाहेर पाठवलेत, रिपोर्ट यायचाय.

मापं घ्यायला इमेजजे नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, अमेरिकेच्या आरोग्य संस्थेचं. आधी पट्टीचा एक मिलिमीटर फोटोत दाखवायचा की एवढे ठिपके म्हणजे एक मिलिमीटर, मग कुठलाही धागा मोजता येतो. फक्त फोकसच्या चाकाला हात लागला की माप बदलतं, परत पट्टी ठेवा. मायक्रोस्कोपाबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरमध्येपण माप घ्यायची सोय आहे पण त्यात मॅग्निफिकेशन आपण हातानं टाकायचं असतं, आणि ते आपल्याला माहीत कुठाय, डब्यावरचा आकडा टाकलात तर धागा केसापेक्षा बारीक निघेल.

ते जमल्यावर पोरीला एक खेळ सुचला. बाजारातनं भाजीबरोबर आलेली पातळ पिशवी सोळा पदर करून घडी घातली, दाबून कडेनं फोटो काढला, जाडी मोजली, सोळानं भागलं. आली तीस मायक्रॉनच्या आसपास. नियम आहे कमीत कमी १२० चा, २०२२ च्या डिसेंबरपासून, आणि आपल्या कर्नाटकात तर प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी २०१६ च्या मार्चपासूनच. पलीकडं महाराष्ट्रात २०१८ ला आली. आमच्या सासरकडचे लोक चंदगडातले, त्यांना वाटतं पिशव्या बेळगावातनं येतात, बेळगाववाल्यांना वाटतं शिनोळीवरनं येतात. सीमावाद असा सगळीकडं.

कापडी पिशवी म्हणून जी देतात ना, हँडलवाली, लग्नाच्या आहेरात मिळते ती, नॉन-वोव्हन, तीपण मायक्रोस्कोपाखाली घातली. विणच नाही. आडवा-उभा धागा कुठं नाही, नुसते वितळवून दाबलेले तंतू, शेवयांसारखे. काडी लावली, काळा मणी. पॉलिप्रॉपिलीन. मी स्वतः गिऱ्हाइकांना ब्लाऊज त्याच पिशवीत देत होते आणि वर म्हणत होते प्लास्टिक नको. आता उरलेल्या कापडाच्या शिवून देते, चार पैसे जास्त पडतात.

धुण्याचं एक सांगायचं राहिलं. प्लिमथच्याच लोकांनी २०१६ मध्ये वॉशिंग मशीनचं पाणी गाळून बघितलं, सहा किलो अ‍ॅक्रिलिकचे कपडे धुतले तर सात लाखांवर तंतू सुटू शकतात असा त्यांचा अंदाज, पॉलिएस्टरचे त्याहून कमी पण तेही लाखात, आणि पॉली-कॉटन मिक्सचे सगळ्यात कमी. आम्ही घरच्या धुण्याच्या बादलीतलं शेवटचं पाणी गाळलं, नवीन युनिफॉर्मचं. पेपर राखाडी झाला. त्यातले किती प्लास्टिक किती कापूस हे मोजायचा पेशन्स दोघींना नव्हता. पण युनिफॉर्मचं कापड कुठलं आहे ते मला माहीत होतं, मीच कापलेलं, पॉली-कॉटन.

कॉलेजच्या लॅबमधला चांगला मायक्रोस्कोप आणि हा, दोन्ही वापरून पोरीचं मत असं की फिल्टर पेपर आख्खा चाळायला हा बरा, कारण खाली काही पण ठेवता येतं, स्लाइड करत बसायला नको, दोघी-तिघी एकदम स्क्रीनवर बघू शकतात आणि भांडू शकतात. संशयाचा धागा चिमट्यानं उचलून स्लाइडवर घ्यायचा आणि कॉलेजात जाऊन खात्री करायची. कॉलेजात फोल्डस्कोपपण आहे, स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांनी केलेला कागदाचा घडीचा मायक्रोस्कोप, तो १४० पट दाखवतो आणि तेवढंच लिहितो. आमच्या १००० वाल्यानं त्याच्याकडनं तेवढं शिकावं.

तर घ्यायचा का? शाळेतल्या पोरांना, बीएस्सीच्या प्रोजेक्टला, घ्या. पेपर, थीसिस असलं काही करणार असाल तर नको. १००० एक्स आणि १६०० एक्स यांत फरक फक्त छपाईचा आहे, स्वस्तातला घ्या. वाचलेल्या पैशात स्टीलची चाळण, काचेच्या दोन बश्या आणि चांगला फिल्टर पेपर घ्या, व्हॉटमन नंबर एक आम्हाला पुरला, तो अकरा मायक्रॉनच्या वरचं धरून ठेवतो. प्लास्टिकची चाळण घेऊ नका, घासून तिचेच तुकडे पडतात. स्क्रीन प्रिंटिंगची जाळी वापरा असं कुणी सांगेल, तीपण पॉलिएस्टरचीच असते, बघून घ्या. ब्लँक पहिल्या दिवसापासून ठेवा.

पोरीचा प्रोजेक्ट मागच्या महिन्यात सबमिट झाला. त्यात मोरपंखी धाग्याचा फोटो आहे, नदीच्या पानावर नाही, ब्लँकच्या पानावर, खाली लिहिलंय "स्रोत: आईचे ओव्हरलॉक मशीन". मॅडमनी तेवढ्या पानाला बरोबरची खूण केली.

मायक्रोस्कोप आता माझ्याकडंच आहे, मशीनला बांधलेला. परवा एका सिल्कच्या ब्लाऊजला मशीन धागे ओढायला लागली, सुई तर नवीन होती. काढून खाली धरली, टोकाला बारीक आकडा वळलेला दिसला, नुसत्या डोळ्यानं कधी कळला नसता. सुई बदलली, ब्लाऊज वाचला. कंपनीनं डब्यावर हे छापायला हवं होतं, त्याला मी चौथा स्टार पण दिला असता.